फळीच्या अलीकडून

भावजी,

एका घरात इतकी वर्षं काढली, पण मी तुमच्याशी थेट एक शब्दही बोललेले नाही. थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही. हे लग्नाआधी अक्कलकोटला माझ्या आईनं शिकवलं आणि लग्नानंतर सोलापुरात तुमच्या आईनं, म्हणजे आपल्या अव्वांनी. तुम्हीही तो नियम माझ्याइतकाच कडक पाळलात. आता तुम्ही गेलात. लोक लिंगैक्य झाले म्हणतात. माझ्या तोंडी अजून तो शब्द बसत नाही. गेलेल्या माणसाशी बोलायला हरकत नाही, असं आता ठरलंय, आणि ते मी एकटीनं ठरवलेलं नाही. कुणी ठरवलं ते शेवटी सांगते. आधी गाडीचं.

गाडी आपल्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. मिलमधला एक साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना त्यानं ती तुमच्या गळ्यात मारली, असं हे म्हणायचे. हे, म्हणजे तुमचे धाकटे बंधू. तुम्ही म्हणायचा, मी हौसेनं घेतली. जाऊबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, सुताची पेढी आपसूक चालत होती. माणसाला काहीतरी नाद लागतोच. दुसऱ्या कुणाला याहून वाईट लागला असता.

इंजिनाची कधी तक्रार नव्हती. रडगाणं सगळं विजेचं. तारांवरचं सुती वेष्टण उन्हानं आणि तेलानं कुजलेलं, कुठं उंदरांनी कुरतडलेलं, आणि सगळ्या तारा एकाच काळ्या रंगाच्या. कुठली कुठून निघते आणि कुठं जाते हे साहेबालाच ठाऊक नव्हतं, तर तुम्हाला काय कळणार? मग तुम्ही पेढीवरून रंगीत सूत आणलंत आणि ओळख पटेल तसतसं एकेका तारेला गुंडाळत गेलात. बॅटरीच्या तारेला लाल, भोंग्याच्या तारेला हिरवं, दिव्यांच्या तारेला पिवळं. सोलापुरात मोटारी आणखीही होत्या, पण लुगड्याच्या काठाचं सूत नेसलेली मोटार आपलीच.

विजेचा दोष शोधायला दोन माणसं लागतात. एक पुढं बॉनेटखाली, एक आत, चालवणाऱ्यासमोरच्या काट्यांच्या पाटीखाली, चाचणीचा दिवा धरून. दिवा म्हणजे मागच्या लाल दिव्यातला छोटा बल्ब, त्याला दोन तारा. एक तार गाडीच्या लोखंडाला टेकवायची, दुसरी जिथं संशय असेल तिथं. पेटला तर तिथवर करंट येतोय, नाही पेटला तर मागं कुठंतरी तुटलंय. साहेबाबरोबर आलेला ड्रायव्हर लवकरच सोडून गेला. ह्यांनी सांगून टाकलं, मी वकील आहे, गाडीखाली लोळणार नाही. पेढीवरच्या माणसांना तुम्ही गाडीला हात लावू देत नव्हता. तेव्हा अव्वांनी माझ्याकडे बघितलं.

"ही बसंल की आत," त्या म्हणाल्या. "गाडीला टप हाय, पडदे हायत. आणि मधी फळी हाय. कोण कुणाला बगतंय?"

फळी होती खरी. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली जाड लाकडी फळी. तिच्या पलीकडे तुम्ही, अलीकडे मी, आणि अंगणात स्टुलावर अव्वा, जपमाळ हातात. पहिले काही दिवस आपलं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं.

"अव्वा, दिवा लागला का विचार."

"दिवा लागला का गं?"

"न्हाई, अव्वा."

"न्हाई म्हनतीया."

"कुठल्या स्क्रूला टेकवलाय विचार."

"कुटल्या स्क्रूला टेकिवलायस? आरं, माझा जप ऱ्हायला की! मी हितं शिवाचं नाव घ्यायला बसलीया का स्क्रूचं?"

त्यांनी जपमाळ उचलली आणि त्या उठून गेल्या. तुम्ही पलीकडे, मी अलीकडे. मग मी बोटातल्या अंगठीनं फळीवर एकदा ठोकलं. थोड्या वेळानं तुम्ही पान्यानं एकदा ठोकलंत. त्या दिवसापासून ती आपली भाषा झाली. एकदा ठोकलं म्हणजे आहे. दोनदा म्हणजे नाही. बाकी काही सांगायचं असलं तर तुम्ही कुणाला उद्देशून न बोलता हवेत बोलायचा: "आतल्यांनी स्विच फिरवावा." "आतल्यांनी जरा थांबावं." मी आतली. दुसरं नाव तुम्ही मला कधी दिलं नाहीत.

मला शिकवायचं असलं की तुम्ही अव्वांना शिकवायचा. जेवायला बसलात की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात: "अव्वा, करंटला नुसतं जाऊन चालत न्हाई. परत यायला वाट लागते. तारेनं जातो, लोखंडातनं परत येतो. वाट कुठंबी तुटली की सगळं बंद." अव्वा म्हणायच्या, "भाकरी घे." पण कानावर पडून पडून त्याही पंडित झाल्या. मोहोळला भाचीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या ड्रायव्हरला विचारलं, "बॅटरीची दुसरी तार लोकंडाला घट्ट हाय का बगितलास?" तो बिचारा पाया पडला.

आपलं भांडण मात्र त्या मोहोळच्या रस्त्यावरच सुरू झालं आणि ते संपलं नाही.

गाडी घरून निघताना ठणठणीत असायची. चांगली तापली, पाच-सहा कोस गेली, की एकदम मुकी. करंटचा काटा शून्यावर, दिवे बंद, भोंगा बंद. मग तुम्ही खाली उतरून बॅटरीपासून फळीपर्यंत सगळं हलवायचा, पिळायचा. मी आत पाटीखाली वाकून स्विच फिरवायची, तारा ओढायची. आणि मधेच कधीतरी काटा उठायचा. झालं! तुम्ही म्हणायचा, "आतल्यांनी आता काय केलं? स्विचमध्येच दोष आहे." मी आतून दोनदा ठोकायची, नाही. माझं म्हणणं, बॅटरीच्या टोकांवर ती पांढरी बुरशी धरते, तिथं पकड सुटते. ते अव्वांमार्फत तुमच्यापर्यंत पोचायचं. तुम्ही पान्यानं दोनदा ठोकायचा. दोष दर वेळी दुसऱ्याच्या बाजूला. दोन शेजाऱ्यांचं बांधावरनं चालतं तसंच, फक्त आपल्यात शिवीगाळ नव्हती.

शिवीगाळ नव्हती असं मी समजत होते. खरं म्हणजे मी आत बसून पुष्कळ पुटपुटायची. "यांना कोण सांगणार? बॅटरीला हात लावला तर बोटं झडणार आहेत जणू." "सीटची स्प्रिंग टोचून जीव गेला, याची कुणाला काळजी आहे का?" फळी जाड, इंजिन मधे, तुम्ही पलीकडे, कोण ऐकतंय? काही दिवसांनी सीटवर नवी गादी आली, आपल्याच सुताची, निळ्या काठाची. मला वाटलं, अव्वांनी सांगितलं असेल.

आणि ती एक दुपार. अक्कलकोटहून माझी आई गेल्याचा निरोप आला तेव्हा घरात तुमच्या पेढीचे पाहुणे होते, चुलीवर वीस माणसांचा स्वयंपाक होता आणि निघायची सोय संध्याकाळच्या आगगाडीशिवाय नव्हती. आपली गाडी त्या आठवड्यात चाकं उतरवून ठेवलेली. घरात कुठं कोपरा नव्हता की पाच मिनिटं तोंड लपवावं. तेवढ्यात तुम्ही अंगणातून हाक दिलीत, "भोंगा बिघडलाय. आतल्यांनी दिवा धरायला यावं." मला तुमचा इतका राग आला! भोंगा तर सकाळीच वाजला होता. मी जाऊन बसले, पडदे ओढले आणि फळीला डोकं टेकवून रडले. तुम्ही संध्याकाळपर्यंत एकदाही ठोकलं नाहीत. पलीकडे नुसता पान्याचा बारीक आवाज, काहीतरी सोडताय, काहीतरी बसवताय. मी पुटपुटले, माणूस मंद आहे, साधा भोंगा दुपारभर सापडत नाही.

आता एका भोकाचं सांगायला हवं. फळीला मधोमध एक भोक होतं. बॅटरीची मुख्य तार त्यातून आत यायची. मोहोळच्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात उंदरांनी ती नेमकी फळीजवळ खाल्ली. तुम्ही पलीकडून नवा तुकडा सरकवलात, मी अलीकडून जुनं टोक पुढं केलं. दोन्ही टोकं भोकातच एकमेकांना पिळायची होती. तुम्ही पिळायला बोटं घातलीत, मीही घातली. तुमच्या बोटांना माझी बोटं लागली.

बस्स, एवढंच. विस्तवाला लागल्यासारखे दोघांनीही हात मागं घेतले. अव्वा त्या दिवशी स्टुलावरच होत्या, त्यांना काही दिसलं नव्हतं. मी पदर सारखा केला. तुम्ही जरा वेळानं हवेत म्हणालात, "झालं." मी एकदा ठोकलं. तुम्हाला वाटलं आतून मी घट्ट पिळलं असेल, मला वाटलं बाहेरून तुम्ही. तुम्ही वरून डांबर ओतून ते भोक बुजवून टाकलंत. त्यानंतर त्या भोकाचा विषय आपण दोघांनीही काढला नाही. दिवा लावून सगळी गाडी तपासली, ती एक वीत जागा सोडून.

शेवटच्या सकाळी तुम्ही उधारीच्या वसुलीला अक्कलकोटला निघालात. एकटेच. मी तुमच्यासाठी पाण्याची सुरई गाडीत ठेवत होते. बॉनेटपलीकडून तुमचा आवाज आला, "निघायच्या आधी आतल्यांनी स्विच उघडून बघितला तर बरं." मला चुलीवरचं दूध दिसत होतं आणि ते स्विचचं तुणतुणं ऐकून कान किटले होते. मी दोनदा ठोकलं. तुम्ही हँडल मारलंत, गाडी सुरू झाली, तुम्ही गेलात.

वाटेत वळसंगच्या पुढं गाडी मुकी झाली. वैशाखाचं ऊन. तुम्हाला घेऊन आलेल्या बैलगाडीवाल्यानं अंगणात उभं राहून सांगितलं, "लई येळ हँडल मारत व्हते. आमी म्हनलं, मालक, बसा सावलीला. बसले, पानी प्याले, आन् तसंच कलंडले की." डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, घरी खुर्चीत बसूनही हे झालं असतं. डॉक्टरांना असं सांगावंच लागतं.

गाडी बैल जोडून आणली. अव्वांनी तिच्याकडे पाठ केली. "माझ्या लेकाला खाल्लं हिनं," एवढंच म्हणाल्या. तुमच्या शिवगणाराधनेचं जेवण झालं आणि ह्यांनी गाडी मोहोळच्या एका माणसाला द्यायची ठरवली. तो इंजिन काढून पिठाच्या गिरणीला लावणार होता, बाकीचं भंगार. सोमवारी तो येणार होता.

मी ह्यांना अडवलं नाही. गाडीचं मला काही नव्हतं, भावजी. मला एकच हवं होतं: दोष कुणाच्या बाजूला होता? स्विचमध्ये निघाला असता तर ती माझी बाजू. तुम्ही सांगितलं होतं आणि मी दोनदा ठोकलं होतं. गिरणीवाला गाडी घेऊन गेला असता की हे कधीच कळलं नसतं, आणि जन्मभर दूध ओतू जाताना मला तुमचा आवाज ऐकू आला असता. वाईट कळलं तरी चालेल, पण कळायला हवं, असं मला झालं होतं.

रविवारी सकाळी मी गाडीत जाऊन बसले. पहिल्यांदा स्विचच उघडला, तुमचा शब्द म्हणून. आतली पितळेची पट्टी स्वच्छ, पकड घट्ट. मग त्याच्या मागं करंटचा काटा. दिवा टेकवला, अंधार. काट्याच्या मागं फळीतून येणारी लाल सुताची तार. तिथंही अंधार. म्हणजे करंट माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. माझी बाजू सुटली असं वाटून हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोष तुमच्या बाजूला निघावा असंही मला नको होतं.

मग मी उतरले आणि तुमच्या बाजूला गेले. बॉनेट मी आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. बॅटरी बघितली आणि तशीच उभी राहिले. तिची दोन्ही टोकं खरवडून लख्ख केलेली, वर नवं ग्रीस. तुमचा चाकू बाजूलाच पडला होता, पात्यावर ती पांढरी पूड. त्या उन्हात, त्या रस्त्यावर, कुणी बघत नसताना तुम्ही माझं म्हणणं ऐकलं होतंत. वर्षानुवर्षं दोनदा ठोकणारा माणूस! तुम्ही गेल्यापासून मला तिथं पहिल्यांदा रडू आलं, आणि ते तुमच्या बाजूला उभं राहून आलं.

बॅटरीला दिवा टेकवला, पेटला. तारेनं पुढं पुढं गेले, लाल सूत धरून, फळीपर्यंत. पेटला. पलीकडे आहे, अलीकडे नाही. मधे फक्त फळी.

एकटीनं होणारं काम नव्हतं. मी ह्यांना बोलावलं. हे आले, कोट काढला, माझ्या जागी पाटीखाली वाकून बसले, दिवा हातात. आयुष्यात पहिल्यांदा. मी पलीकडून डांबर टोकरायला लागले. आणि आतून ह्यांचा आवाज आला. मोठ्यानं नव्हे, अगदी ओठातल्या ओठात: "अण्णा, शेवटी बसलो बघ तुझ्या गाडीत. तू असताना बसायला पायजे होतं."

हे माझ्याशी बोलत नव्हते. पण मला शब्द न् शब्द ऐकू आला. पायाखालच्या पायडलांच्या फटीतून, फळीतून, जणू माझ्या कानाशी बोलावं तसा.

माझा हात थांबला. म्हणजे भावजी, तुम्हालाही ऐकू येत होतं. इतकी वर्षं. बोटं झडतील म्हणालेलं, मंद म्हणालेलं. सीटची स्प्रिंग. आणि ती दुपार. भोंगा बिघडला नव्हता. घरभर पाहुणे असताना मला रडायला जागा करून दिली होतीत, आणि मी एकटी नसावं म्हणून संध्याकाळपर्यंत पलीकडे पाना वाजवत उभे राहिला होतात. तेव्हा राग आला होता. आज त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे म्हणायला मला उशीर झाला.

डांबर निघालं. तार ओढली तर आतून सहज बाहेर आली. दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. पीळ एकाचाही पुरता बसलेला नव्हता. गाडी तापली की डांबर मऊ व्हायचं आणि टोकं सुटायची. आपण दोन्हीकडून हिसके दिले की पुन्हा टेकायची. मी टोकं खरवडली, घट्ट पिळली, वर सूत गुंडाळलं. आतून हे ओरडले, "लागला की गं दिवा! लागला!" त्यांना आपली भाषा माहीत नाही.

मी मागं वळले तर अव्वा उभ्या होत्या. गाडीपाशी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"कुणाच्या बाजूचं निगालं?" त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांनाही तेच हवं होतं. आईच ती.

"कुणाच्याच न्हाई, अव्वा. फळीतल्या भोकात. जोड राहून गेला व्हता."

"का ऱ्हायला?"

मी खाली बघितलं. मग सांगितलं, बोटांचं. दुसरं काही सांगता आलं असतं, पण त्या बॉनेटपाशी खोटं बोलवेना.

अव्वा पुढं आल्या. भोकात बोट घालून त्यांनी तो नवा जोड चाचपला, अलीकडून आणि मग पलीकडून. माझ्या डोक्यावरून पदर घसरला होता. त्यांनी तो बघितला आणि सारखा कर म्हणाल्या नाहीत.

"एवढ्यासाठी," त्या म्हणाल्या. आणि बोट पदराला पुसत, "त्याला सांग. कुणाच्याबी बाजूचं नव्हतं म्हून. तूच सांग. माझ्यामार्फत नगं."

सोमवारी गिरणीवाला आला. अव्वांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

म्हणून हे लिहितेय, भावजी. तुम्हाला इकडचं सगळं ऐकू येतं हे आता मला माहीत आहे. स्विच चांगला होता. तुमची बॅटरीही चांगली होती.